कालव्याच्या अंदाजपत्रकात चरालाही जागा हवी

कऱ्हाडाहून कृष्णेच्या काठाकाठाने मिरजेकडे जाणाऱ्या प्रवाशास दोन्ही अंगांस उसाचे हिरवे फड दिसतात, आणि या मुलखाच्या सुबत्तेविषयी त्याच्या मनात एक पक्का समज होतो. तोच प्रवासी सडक सोडून वाळवा, पलूस किंवा मिरज तालुक्यातील एखाद्या ओढ्याच्या कडेने आत शिरला, तर त्यास निराळेच दृश्य दिसेल. फडाला लागूनच पांढरे पडलेले तुकडे, त्यांवर लव्हाळा आणि वेडी बाभूळ, आणि मधूनमधून सरीत कुजून गेलेला विरळ ऊस. या जमिनी दुष्काळाने गेल्या नाहीत. त्या पाण्याने गेल्या. आणि ते पाणी आभाळातून पडलेले नव्हे, तर मनुष्याने मोठ्या विद्येने व खर्चाने आणून सोडलेले होते.

क्षारपड व चोपण जमिनींविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते बहुधा खत, जिप्सम आणि हिरवळीची पिके यांच्या अनुरोधाने लिहिले जाते, जणू हा केवळ कृषिशास्त्राचा प्रश्न आहे. आमच्या मते हा प्रथम स्थापत्यशास्त्राचा प्रश्न आहे. पाणी आणणे हे बांधकाम, तसे जादा पाणी बाहेर नेणे हेही बांधकामच. पहिले करून दुसरे टाळले, तर ते काम अर्धे झाले असेच म्हणावे लागेल.

हे कसे घडते ते थोडक्यात सांगतो. आमच्या काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते व तिची छिद्रे मिटतात. पाणी खाली उतरण्यास वाव राहत नाही. वरून पाळीमागून पाळी दिली की भूगर्भातील पाण्याची पातळी वर चढू लागते. ती पृष्ठभागापासून तीन-चार फुटांवर आली, की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते पाणी मातीतून वर चढते, उन्हाने उडून जाते, आणि त्यातील क्षार मात्र मागे राहतात. हा क्षार निव्वळ मिठाचा असेल तोवर जमीन धुऊन निघण्याची आशा असते. एकदा सोडियम मातीच्या कणांस चिकटला, की माती चोपण होते. पावसात ती लोण्यासारखी आणि उन्हात दगडासारखी. मग तिच्यातून पाणी नेणे हे चौपट कष्टाचे काम होऊन बसते. म्हणून विलंबाला येथे किंमत मोजावी लागते.

हे ज्ञान नवे आहे असेही नाही. कऱ्हाडाजवळ खोडशीस बंधारा बांधून कृष्णा कालवा काढला गेला, त्यास दीडशे वर्षे उलटून गेली. १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या खालच्या जमिनी चिबड होऊ लागल्या. विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यात गटवार पाणी देण्याची जी पद्धत घातली, तिच्या मागे पाण्याचा हा अतिरेक आवरण्याचाही हेतू होता. पुढे १९१६ साली मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. पाणी देण्याची रीत शेतीच्या गरजेस जुळवून घेणे हेच त्याचे काम ठरविले होते. सर क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली तो वाढला, आणि आज खडकवासल्यास केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था म्हणून जी संस्था उभी आहे ती त्यातूनच निघाली. बंदरे, नद्या व प्रचंड धरणे यांच्या प्रतिकृतींवर तेथे नावाजलेले काम झाले; तिचा आम्हांस अभिमान आहे. तथापि ज्या संस्थेचा जन्म पाटाखालच्या शेतीच्या चिंतेतून झाला, त्या विषयाची पुढील शंभर वर्षांत स्थापत्यशास्त्रात इतकी उपेक्षा का व्हावी, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही.

कोयनेचे उदाहरण घ्या. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे भूकंप झाला, कोयनानगरात मोठी प्राणहानी झाली, आणि १०३ मीटर उंचीच्या त्या धरणास वरच्या भागात, जेथे त्याच्या पाठीचा उतार एकाएकी बदलतो तेथे, तडे गेले. तत्काळ देशोदेशीचे पंडित धावून आले. तडे भरले गेले, धरणास मागून आधाराचे काँक्रीट दिले गेले, आणि धरणाच्या पोटातील यंत्राने टिपलेली त्या धक्क्याची नोंद आजही जगभरच्या विद्यार्थ्यांस अभ्यासाला लावली जाते. अलीकडे भूकंपाचे मूळ शोधण्यासाठी गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल विवर पाडले गेले, आणि त्या अभ्यासाची प्रयोगशाळा कऱ्हाडास आहे. हे सर्व योग्यच झाले. धरण फुटते तर खालच्या गावांचे काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. परंतु धरणाचा तडा एका क्षणात पडतो म्हणून तो दिसतो. जमिनीचा तडा वीस-पंचवीस वर्षांत पडतो, आणि तो ज्याच्या शेतात पडला त्याच्याखेरीज कोणास दिसत नाही. त्या शेतकऱ्यासही आधी वाटते की बियाणे वाईट निघाले, मग वाटते की खत कमी पडले, आणि खरे कारण कळते तेव्हा सोसायटीचे कर्ज अंगावर असते.

उपाय ठाऊक आहे. तीन-चार फूट खोल, ठराविक अंतराने, गाळणीचे कापड गुंडाळलेल्या सच्छिद्र नळ्या पुरावयाच्या, त्या एका मोठ्या नळास जोडावयाच्या, आणि तो नळ ओढ्यात सोडावयाचा. मग पावसाळा स्वतःच क्षार धुऊन नेतो. जमीन चोपण असेल तेथे जिप्समची जोड द्यावी लागते. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राने या विषयावर काम केले आहे. शेजारच्या शिरोळ तालुक्यात तर श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेऊन शेतकऱ्यांस एकत्र आणले, आणि पडीक पडलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिला. ज्यांस शंका असेल त्यांनी एक दिवस मोडून ते शिवार पाहून यावे. आमच्या शंभर लेखांपेक्षा ते अधिक पटवील.

खरी अडचण ओढ्याच्या तोंडाशी आहे. एकट्या शेतकऱ्याने आपल्या दोन एकरांत नळ्या पुरल्या, तरी पाणी सोडावयाचे कोठे? खालच्या शेतकऱ्याचा बांध आडवा येतो. ओढा म्हणावा तर तो गाळाने भरलेला, आणि (हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे) पुष्कळ ठिकाणी आपणच तो नांगरून दोन सऱ्या वाढवून घेतलेल्या. त्यातून सडकांचे भराव दरवर्षी उंच होत आहेत आणि त्यांखालच्या मोऱ्या मात्र जुन्याच मापाच्या. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत याचा कडू अनुभव आला. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीस आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. नदी उतरली तरी कित्येक शिवारांत पाणी तसेच तुंबून राहिले, कारण त्यास परतीची वाट नव्हती. पुराची वाट व निचऱ्याची वाट ही एकच आहे. दोन्हींचा विचार दोन खात्यांनी दोन ठिकाणी बसून करावा, यात आम्हांस शहाणपण दिसत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की निचऱ्याची योजना गट नंबरावर न आखता ओढ्याच्या पाणलोटावर आखावी; आणि ज्या योजनेत पाणी आणण्याचा खर्च धरला आहे, त्याच अंदाजपत्रकात ते बाहेर काढण्याचाही धरावा. २००५ च्या कायद्याने पाणीवाटप पाणी वापर संस्थांकडे सोपविण्याची सोय केली आहे. पाटाबरोबर चरही त्यांच्या हाती द्यावा, आणि तो साफ ठेवण्याची पट्टी त्यांनीच वसूल करावी.

आणि येथेच आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांस साकडे घालावेसे वाटते. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ सालचे, कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय १९६० सालचे. दोन्हींच्या आवारापासून पांढरी पडलेली जमीन सायकलीच्या टप्प्यात आहे. टिकाऊ बांधकाम हा शब्द हल्ली विद्वानांच्या तोंडी फार ऐकू येतो. त्यांनी तो आमच्या ओढ्यास लावून पाहावा. काळ्या जमिनीत नळ्यांचे अंतर किती असावे, गाळणी किती वर्षांत बुजते, पुरात तोंड बुडाले असता पाणी उलटे शिरू नये म्हणून काय करावे, हे प्रश्न सोपे नाहीत. सर्वांत नाजूक प्रश्न तर वेगळाच आहे. आमच्या रानातून धुऊन निघालेला क्षार शेवटी कृष्णेत जातो. उन्हाळ्यात नदी आटलेली असते, आणि खालची गावे तेच पाणी उपसतात. आपले दुखणे शेजाऱ्याच्या दारात टाकून चालणार नाही. याचे मोजमाप वर्षानुवर्षे झाले पाहिजे, आणि ते परीक्षेपुरत्या प्रबंधाने होणारे नाही.

आता ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा योजनांनी कडेगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत अशा तालुक्यांत पाणी गेले आहे. ज्यांनी दोन पिढ्या टँकरची वाट पाहिली त्यांस निचऱ्याचे सांगणे क्रूर वाटेल, हे आम्ही जाणतो. तेथील माळरानात मुरूम उथळ आहे, तो पाणी जिरवील. परंतु माळाचे पाणी खालच्या काळ्या सखल रानात उतरणार, आणि पहिला पांढरा डाग तेथेच उठणार. टेंभूच्या काही भागात उघड्या पाटाऐवजी बंद नळाने पाणी देण्याचे धोरण धरले गेले, हे फार चांगले झाले. तरी नळाच्या टोकाशी जर पुन्हा पाटपाण्याने सऱ्या तुडुंब भरणार असतील, तर गळती वाचवून काय साधले? ठिबकाने ऊस पिकतो, हे आता कोणास शिकविण्याची गरज उरलेली नाही.

सरकार व महाविद्यालये हलेपर्यंत आमच्या सभासदांस स्वतः करता येण्यासारखे एक काम आहे. ओढ्याच्या दोन्ही काठांस, सखल रानात, आठ फूट खोल भोक पाडून त्यात छिद्रे पाडलेली नळी उभी करावी व तिचे तोंड झाकून ठेवावे. दर महिन्याच्या एकाच तिथीस फितीने पाण्याची खोली मोजून सोसायटीच्या वहीत लिहावी. पाऊस संपल्यावर पाणी खाली जाते की नाही, आणि गेले तर किती, एवढेच पाहावयाचे. पाणी फाल्गुनातही चार फुटांच्या आत राहिले, तर त्या गटास पुढील पाळी देण्यापूर्वी ती वही गावच्या बैठकीत ठेवावी, आणि तिची एक प्रत पाटबंधारे खात्याच्या कचेरीत पोच घेऊन द्यावी.