आधी चिप, मग तिकीट!

आमच्या भिवंडीतून कुणी नोकरीसाठी जर्मनीला निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "कुत्र्याला नेणं शक्यच नाही हो, केवढे ते नियम!" मग मोती गावी जातो, नाहीतर गोदामाच्या वॉचमनकडे.

मला हे अजिबात पटत नाही. नियम काय आहेत? आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. क्रम उलटा झाला तर ती लस धरत नाहीत. निदान ३० दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाने मान्य केलेल्या लॅबमध्ये तपासणी. अँटीबॉडीज किमान ०.५ आययू प्रति मिली हव्यात. रक्त काढल्यापासून ३ महिने थांबायचं. शेवटी सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र. म्हणजे जेमतेम चार महिने!

ही काय अडवणूक झाली? रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही, आणि आपल्याकडे हा रोग अजून आहे. मग त्यांनी काळजी घ्यायची नाही? व्हिसासाठी, मुलांच्या शाळेसाठी सहा महिने आधीपासून धावणारे आपण लसीची तारीख मात्र तिकीट काढल्यावर बघतो!

न्यायचं असेल तर चिप आजच बसवा. न्यायचं नसेल तर तसं सरळ म्हणा, उगाच नियमांच्या नावाने खडे फोडू नका.