मुंबईचा लोभ व मुंबईचा वीट

मुंबई शहर आतां राहण्यासारखें उरलें नाहीं, हा उद्गार अलीकडे ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकूं येतो. पेढीवरचा व्यापारी, कचेरींतला कारकून, पेन्शन घेऊन घरीं बसलेला मास्तर, नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण, सर्वांचा सूर एकच. कोणी पावसाळ्यांत तुंबणाऱ्या गटारांस दोष देतो, कोणी लोकलगाडीच्या गर्दीस, कोणी धुळीस, आणि बहुतेक सर्व जण जागेच्या किंमतीस. त्यांपैकीं पुष्कळांचीं बिऱ्हाडें विरार, बदलापूर, पनवेल इकडे गेलींच आहेत. कांहींनीं पुण्या-नाशकाची वाट धरिली आहे. आणि जे मागें राहिले ते ‘आमची मुंबई राहिली नाहीं’ म्हणून हळहळत आहेत. आमच्या मतें ही हळहळ खोटी नाहीं. परंतु तींतून जें अनुमान काढण्यांत येतें तें चुकीचें आहे, आणि त्या चुकीमुळें खरा उपाय बाजूस राहतो. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करणें अवश्य वाटतें.

लोकांचें अनुमान असें कीं, पूर्वीं मुंबईवर सर्वांचें प्रेम होतें; पुढें शहर बेसुमार वाढलें, नवखे लोक फार आले, आणि त्यामुळें तें प्रेम आटलें. यांतील पहिलेंच विधान इतिहासास धरून नाहीं. मुंबईविषयींची आपली भावना आजवर एकदां नव्हे, अनेकदां पालटली आहे. आणि ती प्रत्येक वेळीं कां पालटली हें पाहिलें म्हणजे आजच्या कंटाळ्याचें मूळ कोठें आहे तें आपोआप ध्यानांत येईल.

१८५३ सालीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली. १८५६ सालीं ताडदेवास पहिली कापडाची गिरणी चालूं झाली. आणि १८६३ सालीं गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. एका शहराचें एवढें तपशीलवार वर्णन मराठींत व्हावें, यावरूनच त्या काळच्या सुशिक्षितांस या नगरीचें केवढें नवल वाटत होतें तें दिसतें. त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचे भाव चढले आणि तीन-चार वर्षें मुंबईंत पैशाचा पूर लोटला. १८६५ सालीं युद्ध संपलें, शेअरांचा बाजार कोसळला, आणि कालचे लक्षाधीश आज दिवाळखोर ठरले. व्यापारी वर्गास हा धडा सांगावयास नकोच. शहराची मोहिनी आणि शहराचा धाक हीं दोन्हीं तेव्हांपासून जोडीनें चालत आलीं आहेत.

पुढें १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवीच्या वस्तींत डॉ. व्हिएगस यांस प्लेगचा रोगी आढळला. त्यानंतरच्या कांहीं महिन्यांत लाखों माणसें मिळेल त्या गाडीनें व गलबतानें मुंबई सोडून गेलीं. गिरण्यांस मजूर मिळेना, तेव्हां मालकांनीं रोजच्या रोज रोख मजुरी देण्याचें कबूल केलें. पळालेले लोक प्लेग पुरता ओसरण्याची वाट न पाहतां परतले, तें शहरावरील प्रेमामुळें नव्हे. गांवीं खाण्यास नव्हतें म्हणून. १८९८ सालीं सरकारनें शहरसुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्यानें रस्ते रुंद केले, रोगट वस्त्या पाडिल्या, कांहीं चाळीही बांधिल्या. परंतु ज्यांचीं घरें पाडलीं त्या सर्वांस नवीं घरें मिळालीं नाहींत. शहर सुधारावें पण शहरांतील गरिबानें कोठें जावें याचा विचार मागाहून करावा, ही आपली जुनी खोड तेव्हांपासूनची आहे.

गिरणी कामगारांस त्या काळीं मुंबई कशी वाटत होती? कोंकणांतून आणि घाटावरून आलेला पुरुष एकटा येई, गांवकऱ्यांच्या सामाईक खोलींत पथारी टाकी, खाणावळींत जेवी, आणि महिन्याच्या महिन्यास घरीं मनीऑर्डर करी. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईंतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ निम्मी होती, इतकें सांगितलें म्हणजे पुरे. १९३१ सालीं सुमारें तीन चतुर्थांश वस्ती एकेका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती. १९२० सालीं स्थापन झालेल्या विकासखात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें ज्या चाळी उठविल्या, त्यांतील खोली १६० चौरस फुटांची होती. अशा स्थितींत मुंबई ही पोट भरण्याची जागा होती. घर म्हणजे गांव. शिमग्यास व गणपतींत ज्याचें मन कोंकणांत जाई त्याला कृतघ्न कोण म्हणेल? आठवड्यास एक दिवस सुट्टी मिळावी एवढ्यासाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांस कित्येक वर्षें चळवळ करावी लागली, तेव्हां कोठें १८९० सालीं रविवार कामगारांच्या पदरांत पडला. ज्याला विसाव्याचा दिवस नाहीं आणि बायकामुलें आणण्यास जागा नाहीं, त्याच्या मनांत शहराविषयीं जिव्हाळा कोठून उत्पन्न व्हावा?

असें असतां त्याच कामगारांच्या मुलानातवंडांनीं पुढें ‘मुंबई आमची’ म्हणून रान उठविलें. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत शंभराहून अधिक माणसें प्राणास मुकलीं आणि १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालें. चाळीवर विनोदानें व मायेनें लिहिलेलें पु. ल. देशपांडे यांचें ‘बटाट्याची चाळ’ हें पुस्तक १९५८ सालचें, हाही योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. मधल्या तीस-चाळीस वर्षांत काय बदललें होतें? रोजगार कांहींसा स्थिर झाला होता. कामगारांच्या संघटना उभ्या राहिल्या होत्या. बायकामुलें आलीं होतीं, मुलें म्युनिसिपालिटीच्या शाळेंत जाऊं लागलीं होतीं. आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडेकऱ्यास मनास येईल तेव्हां बाहेर काढण्याची सोय मालकाजवळ उरली नव्हती. खोली लहान ती लहानच राहिली; पण ती उद्यां जाईल ही धास्ती गेली. माणूस ज्या जागीं ठाम उभा राहूं शकतो त्या जागेवर त्याचें मन बसतें. मुंबईवरील आपल्या प्रेमाचें रहस्य इतकेंच आहे.

या कायद्याचे दोष आम्ही झांकीत नाहीं. भाडें गोठलें, त्यामुळें मालकांनीं डागडुजी सोडिली, नव्या चाळी बांधणें बंद पडलें, पागडीचा काळा व्यवहार माजला. आणि पडाऊ इमारतींसाठीं १९६९ सालीं निराळें दुरुस्ती मंडळ नेमावें लागलें. जे आंत होते त्यांचें रक्षण झालें. जे बाहेर होते त्यांस दार बंद झालें. त्या बंद दारापुढें ज्या झोपड्या उभ्या राहिल्या त्यांत २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें शहराची सुमारें दोन पंचमांश वस्ती राहत होती.

आतां आजच्या विटाकडे वळूं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यांपैकीं पुष्कळांस पुन्हां गिरणीचें तोंड दिसलें नाहीं. १९९१ च्या नियमांत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानानें तीन वाटे ठरविले होते: एक मोकळ्या जागांस, एक सार्वजनिक घरबांधणीस व एक मालकास. २००१ सालीं हा नियम बदलून वांटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राखिली, आणि लोकांच्या पदरीं पडणारा हिस्सा अगदींच आटला. त्या जमिनींवर आज जे मनोरे उभे आहेत त्यांत गिरणी कामगाराचा नातू बहुधा पहारेकरी म्हणून जातो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्याही खालीं आली. शहर फार वाढल्यामुळें लोक कंटाळले, असें म्हणणारांनीं या आंकड्याचा विचार करावा. ज्या भागांत इमारती गगनास भिडल्या त्याच भागांतून माणसें कमी झालीं! त्यांस मुंबईचा वीट आला असें म्हणण्यापेक्षां मुंबईनें त्यांस वाटेस लाविलें असें म्हणणें अधिक खरें होईल.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली तेव्हां हेंच सत्य उघडें पडलें. ज्यांचा रोज बुडाला आणि ज्यांस खोलीचें भाडें देववेना, ते हजारों लोक रणरणत्या उन्हांत नाशिकच्या रस्त्यानें उत्तरेकडे चालत निघाले. १८९६ मधील पळापळींत आणि यांत सव्वाशें वर्षांचें अंतर. आणि पुढें ते परत आले तेंही त्याच कारणासाठीं.

यावर कित्येक सज्जन म्हणतात कीं, मग खेड्याकडे परत चलावें, हेंच बरें. दुरून डोंगर साजरे! खेड्याच्या शांततेचें गुणगान करणारांपैकीं फार थोड्यांस तेथें पाणवठ्यावर अडविलें गेलें असेल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना समितींत डॉ. आंबेडकर यांनीं खेड्यांवर जी कठोर टीका केली ती अनुभवांतून केली होती. पण शहर झालें म्हणजे माणुसकी आली, असेंही नाहीं. १९१७ सालीं बडोद्यासारख्या राजधानींत त्याच विद्वान पुरुषास जातीमुळें राहण्यास जागा मिळाली नाहीं आणि नोकरी सोडून मुंबईस यावें लागलें. मुंबईंत परळच्या चाळींत त्यांस बिऱ्हाड मिळालें. परंतु त्याच मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्याचें दार अस्पृश्य मानलेल्या बंधूंस बंद होतें, कारण तेथें धागा तोंडानें ओढावा लागे आणि इतरांस विटाळ होई! तेव्हां शहराचा मोठेपणा हा त्याच्या रस्त्यांत किंवा मनोऱ्यांत नसून, अनोळखी माणसास कुळ न विचारतां जागा देण्यांत आहे. तो मोठेपणा आहे तोंवर गर्दी, घाम, धूळ हें सर्व माणूस सोसतो.

आणि येथेंच आम्हांस आमच्या वाचकांशीं स्पष्ट बोलणें भाग आहे. २०११ च्या खानेसुमारींत एकट्या मुंबईंत पावणेपांच लाखांच्या आसपास घरें रिकामीं आढळलीं. देशांतील शहरांत भाड्याच्या घरांचें प्रमाण १९६१ सालीं शेंकडा ५४ होतें तें २०११ सालीं शेंकडा २८ वर आलें. एकीकडे रात्रीं डोकें टेकण्यास जागा नाहीं, आणि दुसरीकडे कुलुपें! हीं कुलुपें सरकारनें लाविलेलीं नाहींत. तीं आपल्यापैकींच कोणाकोणाचीं आहेत. भाडेकरी घर बळकावील ही भीति एके काळीं खरी होती. परंतु १९९९ च्या कायद्यानें अनुज्ञापत्राची मुदत संपतांच जागा रिकामी करून घेण्याचा मार्ग मालकास मोकळा करून दिला आहे. आतां त्या भीतीचें निमित्त पुढें करणें शोभत नाहीं.

याहून वाईट गोष्ट दुसरी आहे. घर भाड्यानें द्यावयाचें ठरलें तरी पहिला प्रश्न आडनांवाचा, दुसरा धर्माचा, तिसरा ताटांत काय वाढतां याचा. आणि एकटी स्त्री असेल तर चौथा प्रश्न तिच्या येण्याजाण्याच्या वेळेचा. जे गृहस्थ सभेंत जातिभेदावर व्याख्यान ऐकून टाळ्या वाजवितात तेच आपल्या सोसायटीच्या बैठकींत असल्या ठरावास मूक संमति देतात. गांवच्या वेशीवरचा आडणा आम्हीं सोसायटीच्या फाटकावर आणून बसविला, आणि वर ‘मुंबई पूर्वींसारखी राहिली नाहीं’ असें आम्हींच म्हणावें, हा न्याय कोणता?

सरकारचें व म्युनिसिपालिटीचें कर्तव्य यामुळें कमी होत नाहीं. वरळीच्या जुन्या विकासखात्याच्या चाळींतील कांहीं कुटुंबांस २०२५ सालीं १६० फुटांच्या खोलीऐवजीं ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु तीं मिळालीं ज्यांचा तेथें आधींपासून हक्क होता त्यांस. आज स्टेशनावर उतरणाऱ्या परिचारिकेस, वायरमनास, दुकानांतील गड्यास विकत नव्हे तर परवडेल अशा भाड्यानें खोली मिळावी, यासाठीं सार्वजनिक जमिनीचा निश्चित वांटा राखून ठेवणें, आणि तो राखलेला वांटा २००१ प्रमाणें नियमाच्या एका फिरवाफिरवीनें नाहींसा होऊं न देणें, हें पहिलें काम होय. असल्या गोष्टींवर नजर ठेवण्यास लोकांनीं निवडलेले सभासद लागतात. मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ हें शहर त्यांच्यावांचून प्रशासकाच्या हातीं चाललें, आणि आम्ही नागरिकांनीं त्याविषयीं फारशी ओरडही केली नाहीं.

व्यापाऱ्यांसही एक विनंति. ज्या पेढीचा गडी पहांटे चारला उठून दोन तास गाडींत उभा राहून येतो, तिचें काम नीट कसें चालावें? लोहमार्गावर मुंबईच्या परिसरांत सामान्यतः वर्षास दोन हजारांहून अधिक माणसें मरतात. त्यांतील पुष्कळ जण कामावर निघालेले किंवा घरीं परतणारे असतात. आपल्या माणसांच्या निवाऱ्याची तरतूद चार पेढ्यांनीं मिळून करणें हा केवळ धर्मादाय नव्हे. तो हिशेबाचाही भाग आहे.

घर पाहावें बांधून, अशी आपल्यांत म्हण आहे. मुंबई हें आपण सर्वांनीं मिळून बांधलेलें घर आहे. आणि त्यांत जागा अडवून बसणारांस त्याच्या कोंदटपणाविषयीं तक्रार करण्याचा अधिकार नाहीं. शहरावरील प्रेम आटलें म्हणून रडत बसण्यापेक्षां, ज्यांच्याजवळ बंद घराची किल्ली आहे त्यांनीं या महिन्यांत तें उघडावें, आणि भाडेकऱ्यास त्याचें नांव व धंदा यांपलीकडे कांहीं विचारूं नये. ज्या सोसायट्यांत याविरुद्ध ठराव असतील त्यांतील एका तरी सभासदानें पुढील बैठकींत उभें राहून ते रद्द करण्याची सूचना मांडावी. असे शंभर सभासद निघाले तरी या शहराविषयींची भावना पुन्हां एकदां पालटूं लागेल, याविषयीं आम्हांस संशय नाहीं.