हेडफोनमधली घूं-घूं आणि साऊंड कार्डाचा खर्च

घरात संगणक आला की त्याच्या मागोमाग मागण्याही येतात. आमच्या थोरल्या बहिणीकडे डिप्लोमाला असलेल्या मुलासाठी जुना, पण बरा संगणक घेतला. दिवसा त्यावर अभ्यास होतो, रात्री जेवणे उरकली की खेळ सुरू होतो. गोळीबाराचा तो खेळ आता पुष्कळ घरांत पोचला आहे. एक दिवस भाच्याचा फोन आला. "मामा, आईला जरा सांगा ना. साऊंड कार्ड घ्यायचंय. सहा-सात हजारांना येतं. शत्रू कुठून चालून येतो तेच मला ऐकू येत नाही." पाठोपाठ ताईचा फोन. तिची भिशी पुढच्या महिन्यात लागणार होती आणि त्या पैशांवर मुलाचा डोळा आहे हे तिला कळून चुकले होते. तिने विचारले, "अरे, हे कार्ड म्हणजे काय असतं? ते नसलं तर मशीन बंद पडतं का?"

ताईचा प्रश्न साधा असला तरी मुद्द्याचा आहे. असाच प्रश्न आणखी पुष्कळ घरांत निघत असेल, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

कार्ड नसले तर मशीन बंद पडत नाही. एके काळी मात्र कार्डाशिवाय संगणक मुकाच असे. सुरुवातीच्या पीसीमध्ये एक बारीकसा स्पीकर असायचा. तो पीं-पीं करण्यापलीकडे फारसे काही करू शकत नव्हता. १९८७ साली अॅडलिब नावाचे कार्ड आले, तेव्हा खेळांना संगीत मिळाले. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साऊंड ब्लास्टर काढले. ही कंपनी सिम वाँग हू यांनी १९८१ साली सुरू केली होती. पुढची काही वर्षे पीसीवर खेळ खेळायचा म्हणजे हे कार्ड हवेच, असा रिवाज पडला. मग १९९७ साली इंटेलने एसी-९७ नावाची पद्धत ठरवून दिली, २००४ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली आणि आवाजाचे काम मदरबोर्डावरच्याच एका लहानशा चिपकडे गेले. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली. तिने आवाजाचा मार्गच बदलला आणि कार्डाच्या अंगची जी खास करामत होती ती बव्हंशी निकामी झाली. आज कोणताही मदरबोर्ड घ्या, त्यावर आवाजाची चिप असतेच. बहुतेक वेळा ती तैवानच्या रिअलटेक कंपनीची असते. तेव्हा भाच्याला पहिल्यांदा साऊंड कार्ड हवे होते असे नाही, त्याला दुसरे हवे होते.

दुसरे कशाला, हे पाहायला आम्ही एका रविवारी ताईकडे गेलो. हेडफोन कानाला लावला. पहिल्या मिनिटातच कळले की मुलगा उगाच तक्रार करत नाही. आत दोन प्रकारचे आवाज होते. एक घूं-घूं असा सलग, दुसरा किरकिरा, जो माऊस हलवला की वाढायचा. एवढ्या गोंगाटात शत्रूच्या पावलांचा आवाज काय ऐकू येणार!

आधी हेडफोन काढून मोबाईलला लावला. आवाज स्वच्छ. म्हणजे हेडफोन निर्दोष. ही परीक्षा फुकट होते आणि प्रत्येकाने ती आधी करावी. मग हेडफोनची पिन कॅबिनेटच्या पुढच्या भोकातून काढून मागच्या हिरव्या भोकात घातली. किरकिर जवळपास गेली. कारण असे, की पुढच्या भोकाकडे येणारी बारीक वायर मदरबोर्डापासून कॅबिनेटच्या पोटातून, ग्राफिक्स कार्ड आणि पंख्यांच्या शेजारून येते. वाटेत ती त्यांची किरकिर उचलते. मागचे भोक थेट मदरबोर्डावर असते. लक्षात घ्या, जे कार्ड कॅबिनेटच्या आत बसते ते त्याच ग्राफिक्स कार्डाच्या शेजारी बसते. म्हणून आवाजाची किरकिर घालवण्यासाठी पैसे घालायचेच असतील, तर आतल्या कार्डापेक्षा यूएसबीला बाहेरून जोडायचे यंत्र बरे, असे आमचे मत आहे.

घूं-घूं मात्र तशीच होती. मागची पिन चाचपताना आमचा हात कॅबिनेटच्या पत्र्याला लागला आणि झिणझिण्या आल्या. आम्ही दचकलो. दाजी शांतपणे म्हणाले, "ते तर पहिल्या दिवसापासून येतंय. पायात चप्पल घालून बसायचं, मग लागत नाही."

हे वाचून हसू नका. आपल्या किती घरांत असे चालते ते ज्याचे त्याने आठवून पाहावे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये एक गाळणी असते. ती विजेतला कचरा अर्थिंगच्या तारेवाटे जमिनीत सोडते. अर्थिंगच नसेल तर हा कचरा कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन थांबतो. पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्म्याइतका, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसू शकतो. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या आतली एखादी वायर सोलवटून पत्र्याला लागली, तर ती वीज जमिनीत न जाता हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. वायरमनला बोलावले. त्याने बोर्ड उघडला. सॉकेटला तीन भोके होती, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागे तारच नव्हती. खोलीपर्यंत अर्थिंग आलेले होते, फक्त या बोर्डाला कोणी जोडले नव्हते. त्याने तार ओढून जोडली. झिणझिण्या गेल्या आणि हेडफोनमधली घूं-घूंही गेली. ताईने डोक्याला हात लावला. ती रोज ओल्या फडक्याने ते कॅबिनेट पुसत होती.

आता माईकचे. मित्र म्हणत, तुझा आवाजच येत नाही. यात कार्डाचा काही संबंध नव्हता. हल्लीच्या पुष्कळ हेडफोनांना एकच पिन असते आणि तिच्यावर तीन काळ्या रेघा असतात. अशा एकाच पिनेतून ऐकणे आणि बोलणे दोन्ही चालते. मोबाईलला ती बरोबर बसते. संगणकाच्या मागे मात्र बहुधा ऐकण्याचे हिरवे आणि बोलण्याचे गुलाबी अशी दोन वेगळी भोके असतात. एका पिनेचे दोन करणारा स्प्लिटर शे-दीडशे रुपयांत मिळतो. घेताना "हेडफोन आणि माईकचा" असे स्पष्ट सांगावे. दोन हेडफोन जोडायचा स्प्लिटर दिसायला तसाच असतो, पण त्याने हे काम होत नाही. आम्ही पहिल्यांदा तोच घेऊन आलो होतो.

भाच्याचा खरा प्रश्न दिशेचा होता. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानात आधी पोचतो. दोन्ही कानांतला फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाएवढा. तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. समोरचा की मागचा, वरचा की खालचा हे ओळखायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात. हा सगळा हिशेब खेळाच्या प्रोग्राममध्येच करून दोन कानांना दोन वेगळे आवाज देता येतात. या पद्धतीला एचआरटीएफ म्हणतात. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ती आहे, व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये ती चालू करता येते. विंडोजमध्ये विंडोज सोनिक नावाची तशीच सोय फुकट मिळते. खोक्यावर "७.१" असे मोठ्या अक्षरांत छापून जे विकतात, तेही बहुतेक वेळा हाच हिशेब असतो. आत स्पीकर दोनच असतात. चूक होते ती अशी, की मुले खेळातली सोयही चालू करतात, विंडोजमधलीही करतात आणि हेडफोनचे बटणही दाबतात. एका फोडणीवर दुसरी फोडणी द्यावी तसे होते आणि दिशा पार बिघडते. तिघांपैकी एकच ठेवावी आणि खेळात असेल तर खेळातलीच ठेवावी. भाच्याच्या संगणकावर दोन चालू होत्या. एक बंद करताच तो ओरडला, "मामा, जिन्यावरून येतोय!"

मग कार्ड किंवा अॅम्प्लिफायर कोणी घ्यावे? घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. मदरबोर्डाचे भोक सैल झाले असेल, मागच्या भोकातूनही किरकिर येत असेल, तर यूएसबीला लावायचे लहान यंत्र घ्यावे. क्रिएटिव्हचे साऊंड ब्लास्टर प्ले ३ हे त्यातलेच. संगणकाला यूएसबी-सीचे भोक असेल तर अॅपलची हेडफोन जोडायची छोटी तारही चालते. ती एवढीशी दिसते, पण आवाज चोख देते. हेडफोन मुळातच यूएसबीचा किंवा बिनतारी असेल, तर कार्ड घेऊन काडीचा उपयोग नाही. त्याची चिप त्याच्या पोटातच असते आणि कार्डाला तो विचारतही नाही. दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही. आम्हाला एकाने सांगितले नव्हते.

अॅम्प्लिफायरचा प्रश्न ओहमवर ठरतो. खोक्यावर ओहमचा आकडा असतो. गेमिंगचे बरेचसे हेडफोन १६ ते ६४ ओहमच्या दरम्यान असतात. त्यांना मदरबोर्डाचा जोर पुरतो. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ओहमचा येतो, सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा. अशांना अॅम्प्लिफायर हवाच असे दुकानात ठासून सांगतात. पण हिशेब करून पाहा. एचडी ६०० ला एक व्होल्ट दिला की तो ९७ डेसिबल आवाज देतो. एक व्होल्ट त्या छोट्या तारेतूनही मिळतो. आणि ९७ डेसिबल म्हणजे कानठळ्या.

इथे आम्हाला जरा थांबावेसे वाटते. दाजींचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. आयुष्य साच्यांच्या खडखडाटात गेले. आज ते समोरच्याचे ओठ पाहून बोलणे ओळखतात. नातू हेडफोन लावून बसला की म्हणतात, "आम्हाला पोटासाठी ऐकावं लागलं, तू हौसेनं ऐकतोस." जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालते, लहान मुलांना ७५ डेसिबलच. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलवर आठवड्याचे चारच तास उरतात. २०२४ साली १४ अभ्यास एकत्र तपासून असे दिसले, की खेळणाऱ्यांचे आवाज या मर्यादेच्या जवळ किंवा पलीकडे असतात. गोळीबाराचा आवाज एकदम येतो हे आणखी वेगळे. अॅम्प्लिफायर मुख्यत्वे आवाज वाढवतो. ज्या मुलाला मंद पावले ऐकायची आहेत त्याला मोठा आवाज नको, शांतता हवी. ती कानाभोवती नीट बसणाऱ्या, बंद पाठीच्या हेडफोनने मिळते. तेव्हा पैसे आधी हेडफोनवर घालावेत, मग लागले तर यूएसबीच्या यंत्रावर, आणि कार्डाचा विचार शेवटी.

ताईच्या घरी एकूण खर्च असा झाला: वायरमनचे चारशे, दोन स्प्लिटरचे मिळून अडीचशे, त्यातला एक वाया. भिशी लागली तेव्हा भाच्याला बंद पाठीचा साधा हेडफोन आला. उरलेल्या पैशांतून ताईने उरलेल्या खोल्यांच्या बोर्डांनाही अर्थिंगची तार ओढून घेतली. मिक्सरच्या बोर्डालाही ती नव्हती.