साम्य आणि कार्य : जीवाणूंच्या एंझाइमांची ओळख

कुलकर्णी आडनावाचा प्रत्येक गृहस्थ गावाचे दप्तर लिहितो असे आज कोणी मानीत नाही. आडनावावरून घराण्याचा पूर्वव्यवसाय कळतो. त्या गृहस्थाचा आजचा व्यवसाय कळावयाचा तर त्याच्या घरी जाऊन विचारावे लागते. जीवाणूंच्या प्रथिनांना नावे देताना मात्र हा साधा विवेक पुष्कळदा बाजूला पडतो.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या ॲमिनो अम्लांची एक लांब साखळी होय. तिच्यातील अम्लांचा क्रम ठाऊक असेल, तर तो दुसऱ्या प्रथिनाच्या क्रमाशेजारी मांडून दोहोंतील साम्य मोजता येते. फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनाचा क्रम उलगडला तो १९५५ च्या सुमारास. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये ज्ञात क्रमांचा पहिला संग्रह छापला, तेव्हा त्यात अवघी ६५ प्रथिने होती. १९९५ मध्ये हीमोफिलस इन्फ्लुएंझी या जीवाणूची संपूर्ण आनुवंशिक लिपी वाचली गेली आणि मग क्रमांचा पूरच लोटला. प्रत्येक प्रथिन शुद्ध करून त्याचे कार्य तपासणे अशक्य झाले. तेव्हा नवा क्रम जुन्या, परिचित क्रमांशी ताडून पाहावा आणि ज्याच्याशी तो जुळेल त्याचे नाव त्याला द्यावे, ही रीत रूढ झाली. ही रीत चुकीची नाही. किंबहुना तिच्यावाचून आधुनिक जीवाणुशास्त्र चालणारच नाही. आक्षेप आहे तो अशा रीतीने मिळालेले नाव सिद्ध झाले असे समजण्याला.

भिलाईच्या नेहरू नगरातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. पोलादाच्या कारखान्यात कोळशाचा कोक करताना जे सांडपाणी निघते, त्यात फिनॉल हे विषारी द्रव्य असते. काही जीवाणू या फिनॉलावर जगतात. ते प्रथम त्याचे कॅटेकॉल करतात आणि नंतर कॅटेकॉलाचे वलय फोडतात. हे फोडण्याचे काम दोन वेगळ्या एंझाइमांकडे असते. एक वलयाला दोन हायड्रॉक्सिल गटांच्या मधोमध तोडते, दुसरे त्यांच्या शेजारी. पदार्थ तोच, परंतु या दोन एंझाइमांचे क्रम एकमेकांचे नातलगही नाहीत. पहिल्याचाच क्रम हाती धरून शोध घेणाऱ्याला दुसरे सापडणार नाही, आणि या सांडपाण्यात वलय फोडणारा जीवाणू नाही असा खोटा निष्कर्ष तो काढील.

याच्या उलट उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ॲट्राझीन या तणनाशकातील क्लोरीन काढून टाकणारे एक एंझाइम आणि मेलामिनातील ॲमिनो गट काढणारे दुसरे, ही दोन्ही ४७५ अम्लांची आहेत. त्यांत फरक आहे तो केवळ नऊ अम्लांचा. शेकडा अठ्ठ्याण्णव साम्य असूनही एकाचे काम दुसऱ्याचे नव्हे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधन या प्रश्नाच्या गाभ्याशी भिडणारे आहे. पेनिसिलिन व्ही या औषधाचा एक बंध तोडून त्यापासून नव्या प्रतिजैविकांचा गाभा मिळवून देणारे एंझाइम बॅसिलस स्फेरिकस या जीवाणूत असते. सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यॉर्क येथील संशोधकांच्या साहाय्याने त्याची स्फटिकरचना १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. साखळीच्या अग्रभागी असणारे सिस्टीन हे अम्लच येथे बंधावर आघात करते, असे त्या रचनेत दिसून आले. पुढे २००६ मध्ये आपल्या आतड्यात वास करणाऱ्या बायफिडोबॅक्टेरियम लाँगम या जीवाणूच्या, पित्तलवणे तोडणाऱ्या एंझाइमाची रचना उलगडली. आणि ते पेनिसिलिनवाल्या एंझाइमाचे सख्खे नातलग ठरले! दोघांचे घराणे एक, सिस्टीन एक, बंधाची जातही एक. परंतु एकाचे मुख्य काम औषधावर, दुसऱ्याचे पित्तावर. केवळ साम्यावर विसंबून नाव लिहिणारा येथे वडाची साल पिंपळाला लावणार हे उघड आहे, आणि त्या नावावर भरवसा ठेवून औषधनिर्मितीसाठी एंझाइम निवडणाऱ्याचे महिनेच्या महिने वाया जाणार.

पुण्याच्या संशोधकांनी २०१४ मध्ये यावर मार्ग सुचविला. संपूर्ण क्रमाच्या साम्यावर न थांबता, जेथे पदार्थ येऊन बसतो त्या खोबणीतील अम्लांची तुलना करावी आणि तिला वंशवृक्षाची जोड द्यावी. या तपासणीत त्या घराण्याच्या दोन शाखा वेगळ्या दिसल्या, एक ग्रॅम-धन जीवाणूंची आणि दुसरी ग्रॅम-ऋण जीवाणूंची.

तथापि खोबणीची तुलना हीदेखील तुलनाच आहे. २००९ मध्ये ३७ एंझाइम-कुलांची छाननी झाली, तेव्हा माणसांनी तपासलेल्या एका संग्रहात चुका जवळजवळ आढळल्या नाहीत. यंत्राने नावे दिलेल्या संग्रहांत मात्र त्यांचे सरासरी प्रमाण, कुलसमूहानुसार, शेकडा ५ पासून ६३ पर्यंत भरले. शिवाय चुकीचे नाव एकाकी राहत नाही. उद्याचा नवा क्रम त्याच्याशी जुळतो आणि तेच नाव घेऊन पुढे जातो. पाचव्या पिढीत मूळ चूक कोणाची हे शोधणेही दुरापास्त होते.

म्हणून संग्रहातील प्रत्येक नावापुढे ते प्रयोगाने ठरले की साम्यावरून, हे ठळकपणे छापले जावे. काही संग्रह तसे करतातही. परंतु वाचणारा ती खूण न पाहताच पुढे जातो. महाविद्यालयांत क्रमांची तुलना शिकविली जाते, कारण तिला संगणक पुरतो. एंझाइम शुद्ध करून, त्याला त्याचा पदार्थ देऊन, किती वेळात किती विक्रिया घडली हे मोजण्यास मात्र शीतगृह, रसायने आणि धीर लागतो, म्हणून ते मागे पडते. या दुसऱ्या कामासाठी अनुदान मागणाऱ्याला, हे तर संगणकावर कळलेच आहे, असे उत्तर मिळू नये. कळलेले असते ते घराणे.