नऊ एकांचा डोंगर

बालमित्रांनो, वही-पेन्सिल घेऊन बसा. कॅलक्युलेटर नको. त्याच्या छोट्या पडद्यावर आजची संख्या मावायचीच नाही!

आधी सोपे गुणाकार करू.

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

अंक पायरी-पायरीने चढतात आणि तसेच उतरतात, दिसलं ना? असंच करत नऊ एकांच्या संख्येला तिनेच गुणलं, की येते १२३४५६७८९८७६५४३२१. चांगली सतरा अंकी! डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, तीच.

या जातीच्या संख्यांचा अभ्यास आपल्याच एका गुरुजींनी केला. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर गुरुजी १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवत होते. या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटले. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! तिथल्या रेल्वे स्टेशनावर ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव.

आता सांगा पाहू, दहा एक घेतले तर? उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. अरेच्चा! डोंगराचा माथाच ढासळला की!

असं का झालं? गुणाकार मांडून पाहा. प्रत्येक ओळीत नुसते एक, पण प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आमच्या मुळशीत डोंगरउतारावर भातखाचरं असतात ना, तशा पायऱ्या दिसतील. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १, पुढच्यात दोन, मग तीन... नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या घरात नऊ १ जमतात. हातचा कुठेच नाही, म्हणून डोंगर शाबूत! दहा एक घेतले, की मधल्या घरात दहा १ होतात. शून्य मांडला, हातचा एक. तो शेजारच्या नवात मिळवला, की पुन्हा दहा, पुन्हा हातचा! तो आठात गेला, आठाचे नऊ झाले.

म्हणून मुलांनो, एखादी गोष्ट नऊ वेळा जमली म्हणून दहाव्यांदा जमेलच असे नाही. ती का जमते हे कळलं, तर कुठवर जमेल हेही कळतं.

आणखी एक गंमत. आपल्या सतरा अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज करा. आली ८१? आता त्याच ८१ने संख्येला भागा. बाकी शून्य! नऊ एकांच्या संख्येला ९ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ने जाणारच. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले.

घरचा अभ्यास : १२१, १२३२१ आणि १२३४३२१ यांपैकी हर्षद संख्या कोणती? आणि पालकहो, उत्तर आलं तरी लगेच सांगू नका हं. भागाकार मुलांनाच करू द्या!