स्वत्वाचा काळा तारा

‘रॅप’ हा शब्द उच्चारताच आपल्याकडील सुसंस्कृत श्रोत्याच्या कपाळावर आठी उमटते. शिवीगाळ, पिस्तुले, गळ्यातील जाडजूड साखळ्या आणि स्त्रीदेहाचे ओंगळ प्रदर्शन, एवढेच त्या संगीताचे चित्र आपल्या मनात असते. हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. अपुऱ्या चित्रावरून एखाद्या समाजाची पारख करणे किती अन्यायाचे असते, हे हिंदू समाजाला वेगळे सांगायला नको. साप-गारुड्यांचा देश म्हणून जगाला आपली ओळख करून देणारी मंडळी आपण पुष्कळ पाहिली आहेत.

म्हणूनच एका अल्बमविषयी येथे लिहावेसे वाटते. २९ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कच्या रॉकस रेकॉर्ड्स या कंपनीने ‘ब्लॅक स्टार’ या जोडीचा पहिला अल्बम प्रसिद्ध केला. मॉस डेफ आणि तालिब क्वेली हे ब्रुकलिनमधील दोन तरुण कवी-गायक आणि अनेक गीतांचा ताल बांधणारा ओहायोचा हाय-टेक, असा हा मेळ होता. या प्रवाहाला ‘अंडरग्राउंड’ म्हणतात. भूमिगत म्हटले की आपल्याला १९४२ चे किंवा आणीबाणीतील कार्यकर्ते आठवतात. येथे अर्थ तेवढा गंभीर नाही. बड्या कंपन्यांच्या आणि रेडिओच्या मागणीबरहुकूम गाणी न करणारे, ते हे भूमिगत. अर्थात बाजाराबाहेर राहण्यालाही भांडवल लागते. रॉकसला ते मरडॉक घराण्यातील जेम्स मरडॉक यांनी पुरवले होते, हा विरोधाभासही नोंदवला पाहिजे.

या जोडीने स्वतःसाठी निवडलेले नाव विचार करायला लावणारे आहे. जमैकात जन्मलेल्या मार्कस गार्वी यांनी १९१९ साली अमेरिकेत ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी काढली. पाच-पाच डॉलरचे समभाग गरीब कृष्णवर्णीय मजुरांनी आणि मोलकरणींनी विकत घेतले. ज्यांच्या पूर्वजांना साखळदंडांनी बांधून जहाजांतून आणले गेले, त्यांच्या स्वतःच्या मालकीची जहाजे समुद्रावर फिरावीत, हे त्यामागचे स्वप्न होते. हे वाचताना चिदंबरम पिळ्ळै यांची आठवण न होणारा भारतीय विरळा. १९०६ साली तुतिकोरीन येथे त्यांनी स्वदेशी जहाज कंपनी स्थापन करून ब्रिटिश कंपनीच्या मक्तेदारीला आव्हान दिले. १९०८ मध्ये त्यांना अटक झाली आणि तुरुंगात त्यांच्याकडून तेलाचा घाणा ओढवून घेण्यात आला. अंदमानात सावरकरांनी ओढलेला कोलू तो हाच. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन पददलित समाजांना एकाच काळात एकच गोष्ट सुचावी, हा निव्वळ योगायोग नव्हे. स्वत्व जागे झाले की ते प्रथम स्वावलंबनाची वाट शोधते.

गार्वींची कंपनी टिकली नाही. जुनी, खिळखिळी जहाजे अवाच्या सवा किमतीला घेतली गेली, हिशोबाचा घोळ झाला आणि १९२२ मध्ये कारभार थांबला. टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या आरोपावरून १९२३ साली गार्वींना शिक्षा झाली आणि १९२७ मध्ये त्यांची देशाबाहेर रवानगी झाली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांना मरणोत्तर माफी दिली ती जानेवारी २०२५ मध्ये. स्वाभिमानाची भावना कितीही ज्वलंत असली तरी तिच्या पाठीशी शिस्तबद्ध संघटन आणि चोख व्यवहार नसेल तर काय होते, याचा हा धडा आहे. पण बुडालेल्या कंपनीचे नाव ७६ वर्षांनी दोन तरुणांना आपल्या कपाळी मिरवावेसे वाटले, हेही तितकेच खरे.

ही नुसती नावापुरती मिरवणूक नव्हती. अल्बम आला तेव्हा टुपॅक शकूर आणि नोटोरियस बी.आय.जी. या दोन प्रसिद्ध रॅप गायकांचे गोळीबारातील मृत्यू ताजे होते. पहिला सप्टेंबर १९९६ मध्ये गेला, दुसरा मार्च १९९७ मध्ये. आपल्याच माणसाने आपल्याच माणसावर पिस्तूल रोखायचे आणि त्या भांडणाच्या ध्वनिमुद्रिका विकून कंपन्यांनी गब्बर व्हायचे, हा धंदा तेजीत होता. ‘डेफिनिशन’ या गीतात या जोडीने त्या दोघांची आठवण काढून ही आत्मघातकी वृत्ती धिक्कारली आहे. ‘चिल्ड्रन्स स्टोरी’ या गीतात, जुन्या लोकप्रिय गाण्यांचे सूर उचलून झटपट पैसा करू पाहणाऱ्या गायकाची गोष्ट लहान मुलांना सांगावी तशी सांगितली आहे. दोष गोऱ्यांवर ढकलून ते मोकळे झाले नाहीत. आधी त्यांनी स्वतःच्या घरातला केर काढला.

‘थीव्ज इन द नाइट’ हे गीत टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लुएस्ट आय’ या १९७० च्या कादंबरीवरून स्फुरलेले आहे. निळे डोळे मिळावेत म्हणून प्रार्थना करणाऱ्या एका कृष्णवर्णीय बालिकेची ती शोकांतिका आहे. देह जन्मतः मिळालेला, पण सौंदर्याचे माप मात्र मालकाचे, ही खरी गुलामी. बेड्या तुटल्यावरही ती मनात शिल्लक राहते. त्याच अल्बममधील ‘ब्राउन स्किन लेडी’ हे गीत सावळ्या स्त्रीचा गौरव करते, तोही कोठे ओंगळ न होता.

येथे आपल्या मनाला एक प्रश्न विचारणे भाग आहे. ज्या महाराष्ट्राने सावळ्या विठ्ठलापुढे शतकानुशतके लोटांगण घातले, ज्याच्या ओठी ‘घनश्याम’ हे देवाचे लाडके नाव आहे, त्याच महाराष्ट्रात वधू-वरांच्या जाहिरातींत ‘गोरी’ ही अट कोणी घातली? गोरेपणाचे आश्वासन देणाऱ्या एका सुप्रसिद्ध मलमाने २०२० साली नावातील ‘फेअर’ शब्द काढून टाकला, तोही अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनाची धग जगभर पोहोचल्यावर. आपल्या पंढरीच्या देवाकडे पाहून आपल्याला ते आधी सुचले नाही, याची खंत वाटली पाहिजे. समाजाची आत्मविस्मृती हेच आपल्या पारतंत्र्याचे मूळ, असे निदान डॉ. हेडगेवारांनी केले होते. त्या रोगाची काही लक्षणे अजून आपल्या दिवाणखान्यात आहेत.

या दोन गायकांची सर्व मते आपल्याला पटतील असे नाही, पटण्याची गरजही नाही. पण ब्रुकलिनमधले ‘एनकिरू बुक्स’ हे कृष्णवर्णीयांचे पुस्तकांचे दुकान अडचणीत आले, तेव्हा पूर्वी तेथे नोकरी केलेल्या क्वेलीने आणि मॉस डेफने मिळून ते विकत घेतले. प्रसिद्धीचा पैसा पुस्तकांच्या दुकानात घालणारे कलावंत आपल्याकडे किती आहेत?

हे संगीत परक्यांचे, मग आपल्याला त्याचे काय, असा आक्षेप येईल. अमेरिकेच्या दक्षिण भागात स्वामी विवेकानंदांना कृष्णवर्णीय समजून काही ठिकाणी प्रवेश नाकारला गेला. आपण हिंदुस्थानातून आलो आहोत, एवढे सांगून त्यांना सुटता आले असते. दुसऱ्याला खाली लोटून स्वतः वर चढणे त्यांना मंजूर नव्हते, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. स्वतःच्या समाजाचा अभिमान आणि दुसऱ्या पीडित समाजाविषयीची आत्मीयता एकाच हृदयात नांदू शकतात.

आपला मुलगा कानाला यंत्र लावून रॅप ऐकत असेल, तर ते हिसकावून घेऊ नका. काय ऐकतोस, असे विचारा. साखळ्या आणि टोपी तेवढी उचलणारा तरुण नक्कल करतो. ब्लॅक स्टारने केले ते स्वतःच्या इतिहासात उतरणे. तालावर शब्द फेकून समाजाला खडसावण्याची विद्या आपल्याला नवी नाही. अज्ञानदासाने अफजलखान वधाचा पोवाडा रचला, नाथांनी भारुडातून दांभिकांचे वाभाडे काढले. डफ आपल्या घरातच आहे. त्यावरची धूळ झटकणाऱ्या तरुणाच्या पाठीवर हात ठेवायला आपण तयार आहोत का, एवढेच ठरवायचे आहे.