बालपणीचे ओरखडे मोजायचे कसे?

‘आम्हीही लहानपणी मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?’ मुलांना मारण्याचा विषय निघाला की आमच्या हुडकोत काय आणि नागपूर-पुण्यात काय, हे वाक्य ठरलेलं. पण खरंच काही बिघडतं का, हे मोजून पाहिलेलं आहे.

अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणावर उपचार करत. वजन छान उतरत असतानाच काही जण उपचार सोडून जात. त्यांच्याशी बोलताना अनेकांच्या बालपणातलं लैंगिक शोषण समोर आलं. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर त्यांनी 1995 ते 1997 मध्ये 17,000 हून अधिक प्रौढांना वयाच्या 18 वर्षांपूर्वीचे अनुभव विचारले. पहिला अहवाल 1998 मध्ये आला.

या पद्धतीत आज साधारण दहा प्रकार धरतात. शारीरिक, मानसिक व लैंगिक छळ. शारीरिक गरजांकडे आणि मायेच्या गरजेकडे दुर्लक्ष. आणि घरातल्या पाच गोष्टी : आईला होणारी मारहाण, दारू किंवा नशा, गंभीर मानसिक आजार, आईवडिलांचं विभक्त होणं, घरातल्या कुणाला तुरुंगवास. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना किमान एक गुण मिळाला. चार किंवा अधिक गुण असलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचा धोका, एकही गुण नसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट आढळला.

आता या मापाची मर्यादाही समजून घेऊ. इथे प्रकार मोजतात, वेळा नाही. एखाद्याच काळात मार खाल्लेल्याला एक गुण आणि वर्षानुवर्षं खाल्लेल्यालाही एकच. शिवाय शाळेतली दादागिरी, वस्तीतली हिंसा, दंगल यांना या यादीत जागा नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत हे विषय घेतले आणि ‘किती वेळा?’ हेही विचारलं. खुद्द डॉ. अँडा यांनी 2020 मध्ये बजावलं, की हा आकडा समाजाचा अंदाज घेण्यासाठी आहे. एका माणसाचं भविष्य त्यावरून सांगू नये. तेव्हा मोबाइलवर चाचणी सोडवून स्वतःवर किंवा मुलावर शिक्का मारू नका.

आपल्याकडचं चित्र? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा त्यात होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसला होता, आणि घरात मारणारे बहुतेक आईवडीलच होते. शाळेतल्या शिक्षेला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरात मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची!

मग वाईट अनुभव ओळखायचा कसा? आपल्या पोलादनगरीतलंच उदाहरण घ्या. बाबा नाइट शिफ्ट करून झोपलेत म्हणून मुलांना दुपारी हळू बोलावं लागतं, यात काही वाईट नाही. बाबा उठल्यावर काय होईल या धास्तीने मूल गप्प असेल, तर तिथे थांबून बघायला हवं. सततची भीती आणि जवळ विश्वासाचं कुणी नसणं, यांनीच मूल आतून पोखरतं.

यावर उताराही आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत, ज्यांना घरी मनातलं बोलता येई, ज्यांच्याकडे आईवडिलांखेरीज आस्थेने लक्ष देणारी किमान दोन मोठी माणसं होती, त्यांच्यात मोठेपणी नैराश्य कमी दिसलं. वाईट अनुभव असूनही. ती मोठी माणसं म्हणजे आजी, मामा, वर्गशिक्षिका किंवा शेजारच्या काकूही असू शकतात.

आज एवढंच करा. मुलाला प्रश्नावलीसारखे प्रश्न विचारू नका. रोज दहा मिनिटं त्याचं ऐका. शेजारचं मूल घाबरलेलं दिसलं तर ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून दार लावू नका. मूल संकटात असेल तर 1098 हा क्रमांक आहे, आणि स्वतःच्याच बालपणाचं ओझं वाटत असेल तर टेलिमानसचा 14416. दोन्ही मोफत आहेत.